शेवटची दोन अक्षरं

हौशी रेडिओच्या स्पर्धेतला काकांचा लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, तपासून आला होता आणि ते तो ओळीनं वाचत होते. स्पर्धा संपली की सगळे आपापले लॉग आयोजकांकडे पाठवतात. ते एकमेकांशी ताडून पाहिले जातात, आणि मग कळतं की कुठला संपर्क धरला आणि कुठला बाद झाला. काकांच्या बाद ओळींमध्ये एक कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळखखूण, माझा होता.

माझा लोकेटर, म्हणजे ठिकाणाचा संकेत, 'व्ही डब्ल्यू'नं संपतो. काकांनी 'व्ही व्ही' लिहिलं होतं. एका अक्षरासाठी अख्खा संपर्क शून्य. माझ्या लॉगमध्ये मात्र तीच ओळ शाबूत होती, पूर्ण गुणांसकट.

"तुम्ही मला परत विचारायचं ना, काका."

"विचारायला आधी शंका यायला हवी गं. मला व्ही व्ही अगदी स्वच्छ ऐकू आलं."

हे वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. आवाज गोंगाटात बुडाला तर ऐकणारा परत विचारतो. चुकीचं पण स्वच्छ ऐकू आलं तर विचारत नाही, लिहितो आणि पुढच्या स्टेशनकडे वळतो. त्या स्पर्धेच्या नियमांप्रमाणे ज्यानं चुकीचं लिहिलं त्याचे गुण जातात, बोलणाऱ्याचे जात नाहीत. म्हणजे माझ्या तोंडातल्या आळसाची किंमत काकांनी मोजली होती. मग त्या रात्री ज्यांच्याशी बोलले होते त्यांच्यापैकी ओळखीच्या काहींना मी विचारलं. दोघांनी माझी शेवटची अक्षरं दोन-दोनदा मागून घेतली होती, आणि आणखी एकाचा संपर्क काकांसारखाच बाद झाला होता.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांना लोकेटर म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्या घडणीवर अवलंबून आहे. व्हीएचएफच्या, म्हणजे अतिउच्च फ्रीक्वेन्सीवरच्या, स्पर्धांमध्ये आपण कुठे आहोत हे गावाच्या नावानं सांगत नाहीत. एकाच नावाची गावं असतात, उच्चार देशागणिक बदलतात, आणि नावावरून अंतर मोजता येत नाही. त्याऐवजी जॉन मॉरिस या ब्रिटिश हौशी रेडिओ ऑपरेटरनं मांडलेली एक जाळी वापरतात. १९८० साली इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी झालेल्या बैठकीत ती स्वीकारली गेली, म्हणून तिचं नाव मेडनहेड लोकेटर. पृथ्वीचे आधी १८ गुणिले १८ असे मोठे तुकडे करायचे, रेखांशात २० अंश आणि अक्षांशात १० अंश रुंदीचे. त्यांना ए ते आर या अक्षरांच्या जोड्या. प्रत्येकाचे पुन्हा १०० चौकोन, त्यांना दोन आकडे. एक चौकोन २ अंश बाय १ अंश. त्याचे पुन्हा २४ गुणिले २४ भाग, त्यांना ए ते एक्स अक्षरांची जोडी. हा शेवटचा तुकडा रेखांशात ५ मिनिटांचा आणि अक्षांशात अडीच मिनिटांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण साडेचार किलोमीटरचा. प्रत्येक जोडीत रेखांश आधी, अक्षांश नंतर. अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेचं मुख्यालय न्यूइंग्टनला आहे, त्याचा लोकेटर एफ एन ३१ पी आर. जग एवढं मोठं आणि पत्ता सहा चिन्हांचा. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

स्पर्धेत दोन्ही लोकेटरांवरून अंतर निघतं. युरोपातल्या व्हीएचएफ स्पर्धांमध्ये किलोमीटरला एक गुण असा हिशेब असतो. उत्तर अमेरिकेत बहुधा पहिली चार चिन्हंच सांगतात आणि जितके वेगळे चौकोन मिळतील तितका गुणक वाढतो. शॉर्टवेव्हवरच्या काही मोठ्या स्पर्धांमध्ये ठिकाण म्हणजे झोनचा नुसता एक आकडा असतो. सीक्यू या मासिकानं आखलेले झोन ४० आहेत, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे ९०, आणि कॉलसाइन टाकला की लॉगचा प्रोग्रॅम तो आकडा आपणहून भरतो. मी तिथूनच आले होते. तिथे "फाइव्ह नाइन" हा सिग्नलच्या दर्जाचा ठरीव आकडा आणि झोन एका श्वासात म्हणून मोकळं व्हायची सवय लागते. सहा चिन्हांच्या लोकेटरला ती सवय चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढलं. आपलाच आवाज कानावर घेऊन कितीतरी तास बसणं सोपं नाही, पण त्याशिवाय दुसरा मार्गही नाही. संध्याकाळचे पहिले दोन तास बरे होते. मध्यरात्रीनंतर मात्र मी पाढे म्हटल्यासारखी बोलत होते. सहाही चिन्हं एका सुरात, एका दमात, मध्ये कुठे थांबा नाही. काकांशी झालेला संपर्क मी वीसेक वेळा ऐकला. माझा 'डब्ल्यू' शेवटाला 'डबल' एवढाच उरत होता, 'यू' श्वासातच संपत होता. आपल्याकडे फोन नंबर सांगताना "डबल फाइव्ह" म्हणायची पद्धत आहे. काकांच्या कानानं तेच केलं. 'व्ही डबल' ऐकलं आणि 'व्ही व्ही' लिहिलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

आणि चूक पकडली जाईल अशीही नव्हती. पहिल्या अक्षरात एमच्या जागी एन लिहिला गेला तर ठिकाण २० अंश सरकतं, विषुववृत्ताजवळ दोन हजार किलोमीटरच्याही वर. प्रोग्रॅम लगेच अशक्य अंतर दाखवतो, अँटेना एकीकडे आणि आकडा दुसरीकडे असं होतं, आणि माणूस जागा होतो. पाचव्या जागी व्हीच्या ऐवजी बी लिहिला तर विषुववृत्तावर सुमारे १८५ किलोमीटरचा फरक पडतो, तोही एखाद्याच्या डोळ्याला खुपेल. पण सहाव्या जागी डब्ल्यूच्या ऐवजी व्ही म्हणजे फक्त शेजारचं घर. साडेचार किलोमीटर. तेवढ्यानं कुणाची भुवई उंचावत नाही. पहिली चार चिन्हं आसपासच्या सगळ्यांची सारखीच असतात, कान त्यांना सरावलेला असतो. नवं असं शेवटच्या दोनांतच असतं, आणि मी नेमकी तिथेच घाई करत होते.

नुसती अक्षरं का पोचत नाहीत, हे एकदा कळलं की पुन्हा कधी नुसती अक्षरं बोलावीशी वाटत नाहीत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. सगळ्यांच्या शेवटी 'ई'. वेगळं असतं ते सुरुवातीचं व्यंजन, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. गोंगाटात आधी तेच जातं, मागे 'ई' उरतो. एफ आणि एस यांच्यात फरक आहे तो फुत्काराचा, आणि फुत्कार वरच्या कंप्रतांवर राहतो. एसएसबीवर, म्हणजे आम्ही बोलायला वापरतो त्या प्रसारण पद्धतीत, आवाजाचा साधारण ३०० ते २७०० हर्ट्झचा पट्टाच पुढे जातो, त्यामुळे फुत्काराचा बराचसा भाग निघण्याआधीच कापला जातो. एम आणि एन यांचं दुखणं तर फोनवर सगळ्यांनीच अनुभवलेलं आहे.

त्यासाठीच प्रत्येक अक्षराला एक शब्द देणारी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला. तिच्यात व्ही म्हणजे व्हिक्टर आणि डब्ल्यू म्हणजे व्हिस्की. ती कुणा एकाच्या लहरीतून आलेली नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं इंग्लिश, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडात बसतील असे शब्द शोधले. १९५१ मध्ये वापरात आलेल्या यादीत एनसाठी 'नेक्टर' होता. खराब सिग्नलमध्ये तो 'व्हिक्टर'सारखा ऐकू येतो अशा तक्रारी आल्या, आणि १ मार्च १९५६ पासून लागू झालेल्या सुधारित यादीत तिथे 'नोव्हेंबर' आला. हे वाचल्यावर मला बरं वाटलं. माझा व्हिक्टर आधीपासूनच अडचणीचा होता.

आता हे आपल्या जिभेचं. मराठीत व्हिक्टर आणि व्हिस्की दोन्ही 'व्हि'नं सुरू होतात. इंग्लिशमधले व्ही आणि डब्ल्यू यांचे वेगळे ओठ आपण फारसे वापरत नाही, आपल्याला एकच 'व' पुरतो. त्यामुळे मी "व्हिक्टर व्हिस्की" घाईनं म्हटलं की समोरच्याला 'व्हि… व्हि…' असं काहीसं ऐकू जायचं आणि शेपट्या फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नल मधेच क्षीण होण्यात, जायच्या. म्हणजे वर्णमाला वापरूनही माझी शेवटची दोन अक्षरं तशीच सांडत होती.

उपाय शोधायला धाकटी बहीण कामी आली. तिचा रेडिओशी काही संबंध नाही, आणि मला नेमकी तशीच व्यक्ती हवी होती. जाणकार कान अंदाजानं भरतो, तिचा कान जे येईल ते घेतो. ती पलीकडच्या खोलीत वही घेऊन बसायची. मधे फोनवर रिकाम्या बँडची खरखर मोठ्यानं लावलेली. मी एका यादीतून मनाला येतील तसे लोकेटर वाचायचे, ती लिहायची. रोज पंधरा मिनिटं, तीन आठवडे.

पहिल्याच दिवशी तिच्या वहीत एक लोकेटर आठ चिन्हांचा निघाला. मी सवयीनं "डी फॉर डेल्टा" म्हटलं होतं, तिनं डी लिहिलं, मग ४ लिहिलं, मग परत डी. 'फॉर' आणि 'फोर' यांच्यात खरखरीत काही फरक उरत नाही. ज्या पत्त्यात आकडे आहेत त्यात 'फॉर' हा शब्द यायलाच नको. त्या दिवसापासून मी तो तोंडातून काढून टाकला. तसंच "डबल टू" बंद, आणि "सिक्स्टी एट" असे जोडआकडेही बंद, कारण 'सिक्स्टी' आणि 'सिक्स्टीन' यांची गल्लत ठरलेली. एकेक आकडा सुटा. नाइनच्या जागी 'नाइनर', कारण नाइन आणि फाइव्ह यांच्या पोटात एकच 'आइ' आहे आणि गोंगाटात तेवढाच ऐकू येतो. हा 'नाइनर' मला आधी दिखाऊ वाटायचा, आता तो नसला तर चुकल्यासारखं होतं.

दुसरं तिच्या वहीतून दिसलं ते असं की आखूड शब्द हरवतात. 'माइक', 'गोल्फ' एका झटक्यात संपतात. त्या क्षणी खरखर उसळली की शब्द गेला. 'मेक्सिको', 'जर्मनी' यांचा एखादा तुकडा गेला तरी उरलेल्यावरून शब्द उभा राहतो. स्पर्धांमध्ये मुरलेले लोक देशांची आणि शहरांची नावं का वापरतात ते मला तेव्हा उमगलं. मग मी माझ्या जोडीसाठी 'व्हिक्टोरिया, वॉशिंग्टन' करून पाहिलं. एकाची सुरुवात 'व्हि', दुसऱ्याची 'वॉ'. एक चार तुकड्यांत उच्चारायचा, एक तीन. बहिणीनं त्यानंतर ती जोडी एकदाही चुकवली नाही.

म्हणून मी ठरलेली वर्णमाला सोडली का, तर नाही. पहिल्यांदा मी व्हिक्टर आणि व्हिस्कीच म्हणते, मधे नीट थांबून, कारण परभाषकाचा कान त्याच शब्दांची वाट बघत असतो. त्यानं परत विचारलं, तर त्याचा अर्थ ते शब्द पोचत नाहीत. तेच शब्द आणखी मोठ्यानं म्हणण्यात काही हशील नाही, तेव्हा व्हिक्टोरिया आणि वॉशिंग्टन. मोठ्यानं बोलण्यानं तर नुकसानच होतं. आवाज चढला की मायक्रोफोनवर तो फाटतो, व्यंजनं एकमेकांत मिसळतात, वर शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर कचरा पसरतो.

लोकेटरची घडण बोलताना मदतीला येते, हेही सरावातच लक्षात आलं. अक्षरं दोन, आकडे दोन, अक्षरं दोन. मी या तीन जोड्यांमध्ये थांबायला लागले. समोरचा माणूस टाइप करतोय किंवा पेन्सिलीनं लिहितोय, त्याच्या हाताला तेवढा वेळ हवा असतो. शिवाय थांबा असला की त्याला कळतं, आता आकडे येणार. मग 'ओ' की 'झीरो' हा प्रश्नच राहत नाही. ऐकतानाही तसंच. पहिल्या जोडीत एस येऊच शकत नाही, अक्षरं आरवर संपतात. तिथे एससारखं काही ऐकू आलं तर ते बहुधा एफ, आणि तेवढं एकच अक्षर परत मागायचं. वाय आणि झेड तर सहाही जागांवर कुठेच नाहीत.

पुढच्या स्पर्धेला मी स्टेशन डोंगरावर लावणार होते. सुरू व्हायच्या तासभर आधी काकांना फोन करून लोकेटर सांगितला. ते क्षणभर गप्प झाले.

"अगं, तू माझ्या पूर्वेला आहेस, आणि तुझं पाचवं अक्षर पश्चिमेचं येतंय. कसं काढलंस?"

जीपीएस अंश आणि मिनिटं दाखवत होता. मी मिनिटं दशांश समजून घेतली होती. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, ०.३० अंश नव्हे. नव्या जागेचा लोकेटर काढताना मी तिथे चुकले होते. बोलण्याचा सगळा सराव करून मी रात्रभर चुकीची जागा अगदी स्पष्टपणे सांगितली असती. जीपीएसची मांडणी बदलून पुन्हा काढला, तर शेवटची दोन अक्षरं पुन्हा व्ही आणि डब्ल्यूच आली. जागा बदलली होती, पण जुन्याच तुकड्याच्या दुसऱ्या कडेला. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओच्या वर चिकटवलं. तेव्हापासून नव्या जागी गेलं की लोकेटर दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतल्याशिवाय मी पहिला सीक्यू, म्हणजे सगळ्यांना घालायची साद, देत नाही.

ती रात्र बोलण्याच्या दृष्टीनं आधीच्यापेक्षा वेगळी गेली. "फाइव्ह नाइन" झटकन, कारण तो सगळ्यांना माहीतच असतो. संपर्काचा अनुक्रमांक सावकाश. मग एक छोटा श्वास, आणि लोकेटर तीन जोड्यांत. सहा चिन्हांना चारेक सेकंद लागत होते, आधी दीड लागायचा. वेळ वाया जाईल ही भीती खोटी ठरली, कारण "अगेन?" फारच कमी वेळा ऐकावं लागलं. परत सांगण्यात जो वेळ जातो त्यापुढे हे अडीच सेकंद काहीच नाहीत.

पहाटे तीनच्या सुमाराला एक दूरचं स्टेशन लागलं. पाच-सहा सेकंद वर यायचं, मग खरखरीत बुडायचं, मग परत. माझा कॉलसाइन आणि अनुक्रमांक त्याला मिळाला होता. "लास्ट टू, लास्ट टू?" असं आलं. पूर्वीची मी असते तर सगळं पहिल्यापासून म्हणत बसले असते आणि त्याच्या वर येण्याचे सेकंद पहिल्या चार चिन्हांत घालवले असते. जे मागितलं तेवढंच द्यायचं. "व्हिक्टोरिया वॉशिंग्टन. व्हिक्टोरिया वॉशिंग्टन. व्हिक्टोरिया वॉशिंग्टन." आणि थांबले.

त्यानं वाचून दाखवलं, "व्हिक्टोरिया, व्हिक्टोरिया?"

इथे "रॉजर", म्हणजे बरोबर मिळालं, असं म्हणून पुढे जाणं किती सोपं असतं ते स्पर्धेत रात्र काढलेल्यालाच कळेल. मागे दोन जण हाका मारत असतात, आपले गुण तसेही सुरक्षित असतात. मला काकांच्या लॉगवरची ती ओळ दिसली. "निगेटिव्ह. लास्ट लेटर वॉशिंग्टन, वॉशिंग्टन." तो बुडाला. मी न बोलता मोजत राहिले. आठव्या सेकंदाला तो वर आला, "रॉजर, वॉशिंग्टन, थँक्यू." मग मागच्या दोघांना घेतलं. दोघंही थांबलेले होते.

तासाभरानं उत्तरेकडून आणखी एक क्षीण आवाज आला, या वेळी ऐकायची पाळी माझी. त्याचा कॉलसाइन मिळाला, अनुक्रमांक मिळाला, लोकेटरची पाच चिन्हं मिळाली. सहावं 'पापा' होतं की 'अल्फा', मला फक्त शेवटचा 'आ' ऐकू येत होता. चार वेळा मागितलं. तो बिचारा दर वेळी तोच शब्द देत होता, जरा जास्त जोरानं. मग तो आलाच नाही. त्याचा मागच्या वर्षीचा लोकेटर प्रोग्रॅमच्या यादीत होता, एक कळ दाबली असती तर सहावी जागा भरली असती. पण ते अक्षर मी हवेतून ऐकलेलं नव्हतं, आणि तोही माझ्यासारखा जागा बदलून आलेला असू शकत होता. मी ती ओळ लॉगमधून काढून टाकली.

कागदाच्या वहीत मात्र ती अजून आहे. पाच चिन्हं आणि पुढे एक मोकळी जागा. समासात, अँटेना त्याच्या दिशेला वळवलेली होती तो कोन आणि पहाटेची वेळ लिहून ठेवली आहे. पुढच्या स्पर्धेत त्या वेळेला मी अँटेना तिकडेच फिरवणार आहे, आणि त्यानं शेवटचं अक्षर सांगितलं की त्याला दुसरा शब्द मागणार आहे.